पेरूच्या मुळांवरच्या गाठी

मुळं धुऊन ट्रेमध्ये पसरली आणि माझी चूक मला लगेच दिसली. पेरूच्या बारीक मुळांवर मण्यांसारख्या गाठी होत्या. हे काम मी दोन महिन्यांपूर्वी करायला हवं होतं.

मी सिल्वासाच्या एका लॅबमध्ये झाडांचे रोग तपासते. काशिनाथभाऊ मूळचे अमळनेरकडचे, राखोलीच्या एका सूतगिरणीतून रिटायर झालेले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते पिशवीत पेरूची पिवळी पानं घेऊन आले होते. झाड त्यांच्या बायकोने, लताबाईंनी लावलेलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. मी पानं पाहिली, झिंक कमी पडलं असेल म्हणाले आणि फवारणी लिहून दिली. आता दोन फांद्या वाळल्या, तेव्हा कुठे त्यांच्याकडून मुळं मागवली.

एक गाठ सुईने फोडून मायक्रोस्कोपखाली धरली. आत मोत्यासारखी पांढरी मादी होती. याला सूत्रकृमी म्हणतात, मातीतला डोळ्यांना न दिसणारा जंत. सगळे सूत्रकृमी वाईट नसतात. बरेचसे जिवाणू आणि बुरशी खाऊन जगतात, त्यातून झाडाला खतच मिळतं. ही जात मात्र मुळात शिरते, तिथल्या पेशी फुगवते आणि बसल्या जागी खात राहते. गाठी वाढल्या की पाणी नीट वर चढत नाही. शिवाय त्या जखमांतून झाड वाळवणाऱ्या मर रोगाची बुरशी आत जाते. इथे तीही गेली होती.

लॅबच्या साहेबांनी रिपोर्ट पाहून झाड काढायला सांगितलं, नाहीतर शेजारच्या बागांत पसरेल म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. निंबोळी पेंड आणि या जंताची अंडी खाणारी बुरशी मातीत घालून सुरुवातीला उपाय होतो. झाड इतकं पोखरल्यावर सहसा होत नाही.

मी राखोलीला गेले. पेरूभोवती वांग्यांची रोपं होती, तीही खुजी. एक उपटलं, तर त्यालाही तशाच गाठी. लताबाई हिरव्या वांग्यांचं भरीत करायच्या. त्या गेल्यावर भाऊंनी नर्सरीतून रोपं आणून लावली होती आणि भरीत स्वतः करायला शिकले होते. त्यांनी दोन्ही मुळं शेजारी ठेवून पाहिली.

"मंग हे मीच आणलं का, मॅडम?"

काहीतरी बरं वाटेल असं सांगावं, असं मनात आलं. पण त्यांना कळलं होतं.

"रोपांबरोबर आलं, भाऊ. तुम्हाला दिसलंच नसतं. मला दिसलं असतं, पण मी मुळं मागितलीच नाहीत."

त्यांनी खोडावरून हात फिरवला. मग म्हणाले, चहा टाकतो.

चहा पिताना मला एक हिरवी फांदी दिसली. हा जंत मुळांत राहतो, फांदीत चढत नाही. टोक कापून पाहिलं, आत बुरशीचा तपकिरी डागही नव्हता. मी भाऊंना गुटी बांधायला शिकवली. फांदीची बोटभर साल गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ बांधून वर प्लास्टिक गुंडाळायचं. मुळं फुटली की फांदी कापून लावायची.

"मंग ते झाड हेच राहील?"

"हेच राहील. बी लावलं तर वेगळं होतं. गुटीचं हेच."

त्यांनी पुन्हा एकदा तेच विचारलं आणि मी पुन्हा तेच सांगितलं.

आम्ही चार गुट्या बांधल्या. तीन वाळल्या. चौथीला पावसाळ्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसली. मग भाऊंनी जुनं झाड मुळांसकट काढवलं आणि त्या जागी झेंडू लावला. झेंडूच्या मुळांत हा जंत वाढत नाही. नवं रोप वासोण्याला, लेकीच्या अंगणात गेलं. जाताना चपला आणि कुदळ दोन्ही धुऊन घ्या, असं मी बजावलं होतं. भाऊंनी रिक्षाची चाकंही धुतली.

दोन वर्षांनी ते स्टीलच्या डब्यात तीन पेरू घेऊन लॅबमध्ये आले. साहेबांनी एक खाल्ला आणि जात कोणती म्हणून विचारलं. "आमच्या घरची," भाऊ म्हणाले.

लॅबच्या फॉर्मवर मी आता एक ओळ वाढवली आहे: मुळांशिवाय नमुना घेतला जाणार नाही.