दादाने न मागितलेली सूट

पानात मीठ वाढायचे राहिले, तर माझा दादा अळणी जेवून उठत असे. कुणी विचारलेच तर म्हणे, "छान होतं." पंगतीत वाढणारा चुकून त्याला सोडून पुढे गेला, की तो ताटाकडे बघत बसे, हाक मारून थांबवणे त्याच्याने होत नसे. मुलांनो, तुमच्या मामाआजोबांचे खिसे तुमच्यासाठी नेहमी चिक्कीने भरलेले असत, म्हणून तुम्हाला तो देणारा माणूस म्हणून आठवत असेल. तसा तो होताच. पण त्याचा खरा स्वभाव कळायला त्याला काही मागायची वेळ यावी लागे.

हे वळण आईचे. "मागितलं की माणूस हलका होतो," असे ती म्हणे. मला शिकायला नाशिकला मावशीकडे ठेवले. तिथल्या इंग्रजी शाळेत सिस्टरांनी आम्हा मुलींना नीट मागायला शिकवले, 'मे आय' आणि 'प्लीज' म्हणून. दादा मनमाडलाच राहिला आणि आईच्या हाताखाली पक्का झाला. पुढे तो रेल्वेत गार्ड झाला. मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचे, वेळेवर झेंडा दाखवायचा. ती नोकरी त्याला मानवली.

त्याच्या वाटचे मागणे वहिनी मागत असे. रेल्वे क्वार्टरची गळकी मोरी तिने भांडून दुरुस्त करून घेतली, भाजीवर कोथिंबीर तिने मागितली, मुलाच्या, श्रीकांतच्या, लग्नाचे सगळे बोलणे तिनेच केले. मला म्हणे, "वन्सं, तुमच्या दादांना देवाने तोंड दिलंय ते फक्त जेवायला." दादा यावर हसे. वहिनी गेली आणि तो दुकानदार पुढे करील तो साबण घेऊन घरी येऊ लागला.

निवृत्तीनंतर तो मनमाडलाच भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होता. मी म्हटले, आता एकटा राहू नकोस, नाशिकला ये. माझ्या मागच्याच गल्लीत पवार मॅडमचे बैठे घर विकायचे होते. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, यजमान वारलेले, आता मुलीकडे पुण्याला जायच्या बेतात. घर बघून झाल्यावर दादा ओट्यावर बराच वेळ बसून राहिला. मग म्हणाला, "इथे गाड्यांचा आवाज नाही. सुरुवातीला झोप लागायची नाही." म्हणजे घर पसंत पडले होते.

बोलणी माझ्या बैठकीत झाली. मॅडमनी आकडा सांगितला, दादाने मान डोलावली. त्याने विसार दिला, आणि मॅडमनी त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली. आमच्या पिढीत एकदा ती साखर तोंडात टाकली, की शब्द दिला गेला असे समजतात. त्यानंतर किमतीचा विषय काढणे म्हणजे समोरच्याचा अपमान.

श्रीकांतने बंगलोरहून आग्रह धरला, की खरेदीखताआधी घर एखाद्या इंजिनिअरला दाखवा. इंजिनिअर आला, छतावर चढला, भिंती ठोकून पाहिल्या. मागच्या खोलीच्या स्लॅबमधले लोखंड गंजले होते आणि पाणी भिंतीत मुरत होते. तेवढा स्लॅब पाडून नवा टाकावा लागणार होता. "काका, घर चांगलं आहे, सोडू नका," तो दादाला म्हणाला. "पण या किमतीत नको. दुरुस्तीचे त्यांना कमी करायला सांगा."

दादाची अडचण सरळ होती. त्याची सगळी शिल्लक ठरलेल्या किमतीलाच जेमतेम पुरत होती. स्लॅबसाठी काही उरत नव्हते, आणि मुलाकडून घ्यायला तो तयार नव्हता. किंमत कमी करून मागायची, नाहीतर घर सोडायचे, एवढेच दोन रस्ते. श्रीकांत म्हणाला मी फोन करतो, मी म्हटले मी जाऊन बोलते. दादाने दोघांनाही बजावले, "साखर मी खाल्लीये. बोलायचं ते मीच बोलेन."

मग तो शनिवारी मनमाडहून येऊ लागला. आधी माझ्या स्वयंपाकघरात वाक्याची तयारी करी. "मॅडम, त्या इंजिनिअरचं असं म्हणणं पडलं की..." 'की'च्या पुढे त्याच्या गाडीला सिग्नल मिळत नसे. मी विचारी, "दादा, पुढे?" तो म्हणे, "पुढचं तिथे गेल्यावर सुचेल." तिथे जाऊन तो पोहे खाऊन परत येई. एकदा त्यांच्या फाटकाची निखळलेली बिजागरी बसवून आला. काय ठरले विचारले, तर म्हणाला, "त्यांचा गुडघा फार दुखतोय गं."

शेवटी मी रागावले. म्हटले, तुला घर हवे आहे की नको? तो चपला काढता काढता थांबला. "मागच्या खोलीत त्यांच्या यजमानांचा फोटो आहे," तो म्हणाला. "शेवटचं आजारपण तिथेच काढलं त्यांनी. ओल त्या फोटोच्या मागे चढलीये. त्या भिंतीखाली बसून त्या भिंतीची किंमत कशी पाडायची, तू सांग."

खरेदीखत लांबत गेले. आधी पितृपक्ष आडवा आला, मग दिवाळी. त्याने घर घेतलेही नाही आणि सोडलेही नाही. मॅडम दर वेळी म्हणत, "काही घाई नाही." त्यांच्या या चांगुलपणाने दादाला आणखीच अवघडल्यासारखे होई.

थंडी पडली आणि एका सकाळी मनमाडहून त्याच्या शेजाऱ्यांचा फोन आला. दादा झोपेतच गेला होता. डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसावा. अंत्यविधी आटोपल्यावर श्रीकांत माझ्याजवळ येऊन बसला. "आत्या, बाबांना रात्री दुखायला लागलं असेल, तर त्यांनी शेजारी हाक मारली असती का गं?" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

तेराव्यानंतर पवार मॅडम विसार परत करायला आल्या. पाकीट त्यांनी टीपॉयवर ठेवले. मग म्हणाल्या, "ताई, स्लॅब गळतो हे मला माहीत होतं. इंजिनिअर येऊन गेला त्याच दिवशी किती कमी करायचे ते मी ठरवून ठेवलं होतं. तुमचे भाऊ विषय काढतील म्हणून वाट बघत होते."

मी विचारले, "मग तुम्हीच का नाही काढलात?"

"साखर मी ठेवली होती ना त्यांच्या हातावर," त्या म्हणाल्या. "आपण होऊन कमी केले असते तर त्यांना वाटलं असतं, ही बाई आपल्याला गरीब समजते. येऊन बसायचे, काही न बोलता जायचे. मला वाटलं, त्यांना घर नकोय आणि भिडेपोटी नाही म्हणवत नाहीये. म्हणून मीही घाई केली नाही."

आम्ही दोघी रडलो. चहा टाकायचे मला सुचले नाही.

उन्हाळ्यात ते घर एका तरुण जोडप्याने घेतले. घर बघून झाल्याबरोबर ती मुलगी म्हणाली, "मॅडम, स्लॅबचे तेवढे कमी करा ना." मॅडमनी केले. त्या मुलीने कुणाचा अपमान केला नाही, मॅडमही दुखावल्या नाहीत. आता नवा स्लॅब पडला आहे, आणि ती अधूनमधून माझ्याकडे कढीपत्ता मागायला येते. मला ती आवडते. ती परत गेली, की मात्र मी थोडा वेळ दारातच उभी राहते.

आम्हा बहीणभावांचा स्वभाव फार वेगळा नव्हता. दुकानात, बँकेत मी हक्काने मागते, पण आपल्या माणसांपाशी माझेही 'की'च्या पुढे अडते. आजवर तुम्हाला लिहीत आले, सोयीचे असेल तर या, रजा मिळाली तर बघा, माझी काळजी करू नका. या वेळी तसे लिहीत नाही. मे महिन्यात या. दोघेही या, आणि चार दिवसांसाठी नको. मला तुम्ही इथे हवे आहात.