सासूबाई संगणकाशी बोलल्या

जालन्यात संगणक नवे नवे आले, तेव्हा मी मोंढ्याच्या बाजाराजवळच्या एका क्लासमध्ये शिकवायची. मुलांना गंमत म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं, की तो त्यातला एखादा शब्द उचलून उलट विचारायचा. ‘आई’ दिसलं, की ‘आईबद्दल अजून सांगा’. काहीच नाही सापडलं, तर नुसतं ‘अजून सांगा’. समजत त्याला काहीच नव्हतं.

एका मारवाडी कापड दुकानदाराची नवी सून शिकायला यायची. माहेर परभणीचं. वर्गात कुणाशी बोलायची नाही. एकदा तिनं हळूच विचारलं, “मॅडम, यात लिहिलेलं कोणी वाचतं का?”

“नाही. बंद केलं की सगळं पुसलं जातं.”

दुसऱ्या दिवसापासून ती अर्धा तास आधी येऊ लागली. कोपऱ्यात बसून टाइप करायची, मधूनच डोळे पुसायची. मी तिच्याकडे पाठ करून उगाच फळा पुसत राहायची. एक दिवस तीच म्हणाली, “यंत्र आहे, माहितीये मला. पण ते ‘होईल सवय’ असं म्हणत नाही.”

महिनाभरानं तिच्या सासूबाईच जिना चढून आल्या. हातात भाजीची पिशवी, दम लागलेला.

“सून एवढ्या जल्दी येऊन काय करून राह्यली, बघावं म्हटलं.”

सून पांढरीफटक पडली. मी म्हणाले, “बसा ना, तुम्हीच बोलून बघा. तुम्ही सांगा, ती टाइप करेल.”

त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या. “सांग त्याला, मी आले म्हणून.”

पडद्यावर उमटलेलं सुनेनं वाचून दाखवलं, ‘अजून सांगा.’

“अजून काय सांगू?” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “लगीन होऊन आल्ते तेव्हा सोळाची होते. पापड लाटता लाटता रडायची. आईची लई याद यायची. कुणी बिलकुल विचारलं न्हाई.”

सुनेची बोटं थांबली.

“लिही की.”

तिनं लिहिलं आणि पडद्यावरचं उत्तर वाचलं, ‘आईबद्दल अजून सांगा.’

सासूबाई सुनेकडे वळल्या. “तुला बी येते का गं याद?”

ती हमसून रडायला लागली. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं. “मंग बोलली का न्हाई? रविवारी जाऊन ये परभणीला.”

मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले.

पुढे ती अर्धा तास आधी न येता वर्गाच्या वेळेवरच यायला लागली. वर्गात इतकी बोलायची, की तिला गप्प करावं लागे. सासूबाई मात्र आणखी दोनदा आल्या. “त्या विचारणाऱ्याला भेटायचंय,” म्हणाल्या.