दादाची चाल

लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना गल्लीत सगळे बेसकाका म्हणत. तरुणपणी ते आणि त्यांचा थोरला भाऊ एका फंक बँडमध्ये होते. दादा ड्रमवर, हे बेस गिटारवर. तेव्हा फंक हा शब्दही कुणाला ठाऊक नव्हता. लोक म्हणत, "उड्या मारायच्या गाण्यांचा बँड." पाच वर्षांत बँड मोडला, पण बेसची एक चाल टिकली: अंगठ्याने तारेवर तीन चापट्या, चौथा ठोका रिकामा. ती सिनेमात शिरली, जाहिरातींत शिरली. नव्या पोरांची कितीतरी गाणी तिच्यावरच उभी राहिली.

रेडिओवाली मुलगी मुलाखतीला आली. "काका, ही चाल सुचली कशी?"

चाल दादाची होती. डब्यांच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर उभा असताना त्याला सुचलेली. धाकट्याच्या बोटांत बसेपर्यंत त्याने ती आठवडाभर घोटून घेतली होती. पुढे त्याच प्रेसच्या आवाजाने दादाचे कान नेले.

"लिफ्टचं काम करत होतो," बेसकाका म्हणाले, "आणि सुचली आपली." जीभ घसरली ती घसरतच गेली.

मुलाखत लागली गुरुवारी. रविवारी ते नेहमीसारखे दादाकडे गेले. वहिनींनी दार उघडलं. "या, लिफ्टवाले," एवढंच म्हणाल्या.

बेसकाका आत गेले. दादा टेबलापाशी मटार सोलत होता. त्याच्याशी बोलायची पाटी त्यांनी ओढली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'चाल तुझी. मी माझी म्हणून सांगितली.'

दादाने वाचलं. ऐकू येत नसल्याने तो मोठ्यानेच बोले. "हिने त्याच दिवशी लिहून दाखवलं मला. म्हटलं, बघू या, हा स्वतः येऊन सांगतो का." आणि मटारांची परात त्याने धाकट्यापुढे सरकवली.

बेसकाका खाली मान घालून सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रेडिओवर फोन केला. पुढच्या गुरुवारी हवामानाच्या आधी दोन वाक्यांत चूक सुधारली गेली. ती दुरुस्ती फारशी कुणी ऐकली नाही. अजूनही रस्त्यात कुणी त्यांना थांबवून त्या चालीचं कौतुक करतं.

"माझी नाही हो. माझ्या भावाची."

"बघा, किती साधा माणूस!" लोक म्हणतात, आणि बेसकाकांना तोंड कुठे लपवू असं होतं.