बऱ्या झालेल्या हाताचं कार्ड

मुंबईला व्यायामोपचार शिकून मी नागपुरात नोकरीला आले, तेव्हा एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. धंतोलीत एक खोली घेतली. मालकीणबाई नळाची वेळ सांगण्यापुरत्या बोलत. रविवारी तर दिवसभर तोंड उघडायचं कामच पडत नसे. दवाखान्यात लोक मला मालीशवाली बाई म्हणत, त्याचा मला भारी राग यायचा. सांधा आज किती अंश वळला, पुढचे पंधरा दिवस काय करायचं, उपचार कधी थांबवायचे, हे सगळं मी प्रत्येकाच्या कार्डावर लिहीत असे. मालीशवाली हे लिहिते होय?

मनगट मोडलेली एक कोष्टीण रोज यायची. तिचा मुलगा मागावर बसे आणि ती चरख्यावर त्याला सुताच्या कांड्या भरून देई. तीस वर्षं तो चरखा तिचाच होता. हात कधी सुटतो आणि मी कधी चरख्यावर बसते, एवढीच तिला घाई. मनगट वळवता वळवता ती सुनेच्या चुगल्या सांगायची, मला जेवलीस का विचारायची. नागपुरात हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

महिन्याभरात मनगट पुरतं वळू लागलं. मी कार्डावर लिहिलं, ‘आणखी पंधरा दिवस. चरखा बंद.’ ते संपल्यावर पुन्हा तेच लिहिलं.

“हात तर फिरून राहिला वं बाई,” ती म्हणाली.

“कार्डावर बरा झाला म्हणून लिहिलेलं नाही ना अजून,” मी म्हणाले. तिला वाचता येत नव्हतं, पण लिहिलेल्यावर तिचा स्वतःच्या हातापेक्षा जास्त विश्वास. घरी तिनं चरख्याला बोटही लावलं नाही.

शेवटी लाज वाटून मी ‘पूर्ण बरा’ लिहिलं. आठवड्याने ती परत आली. चरख्यावर आता सून बसत होती, तिचा हात जलद होता, आणि मुलगा म्हणे, तू आराम कर.

मग मात्र माझ्याने राहवेना. हात केव्हाच बरा झाला होता, मला एकटं वाटायचं म्हणून मी खोटं लिहिलं, असं मी तिला सांगून टाकलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

“मंग मले तसंच सांगायचं होतं ना वं,” ती म्हणाली. “मी चरखा करून आली असती तुह्यापाशी बसाले.”

त्यानंतर ती आली नाही.