मौनीबाबाचा कान

मौनीबाबा ढोल्याच्या दारापर्यंत गेला आणि परत फिरला. ही तिसरी खेप. कोपऱ्यावरचा सायकलवाला आता त्याच्याकडे संशयानं बघायला लागला होता. ढोल्याला जाऊन सहा दिवस झाले. सगळा कारखाना घरच्यांना भेटून आला, आणि ज्यानं सगळ्यांच्या आधी जायचं तोच इथं येरझाऱ्या घालतोय! लाज वाटत होती हो, खूप वाटत होती. पण भीती त्याहून मोठी होती.

भीती कसली, तर कुणीतरी काहीतरी बोलेल याची. मौनीबाबाला ऐकू येत नव्हतं. उजवा कान ठार बंद, डावा जेमतेम. पुठ्ठा कापायच्या मशीनवर उभी हयात गेली, त्या खडखडाटानं कान खाल्ले. आणि कारखान्याचा नियम असा, की ऐकू येत नाही त्यानं मशीनपाशी उभं राहायचं नाही. नियम खोटा नाही म्हणा. डोक्यावरून क्रेन कागदाची टनभर वजनाची रिळं नेते. घंटा झाली की दोन पावलं मागं सरायचं. नाही सरलात तर संपलात.

मग दहा वर्षं हा बाबा जिवंत कसा राहिला? ढोल्यामुळे. ढोल्या समोरच्या मशीनवर. घंटा झाली की हातातलं काम टाकून, पोट सावरत यायचा आणि याच्या खांद्यावर थाप मारायचा. दिवसातून वीसवीस वेळा. कुणी हटकलं तर म्हणायचा, "काय करू, याच्यावाचून करमत नाही मला!" लोक हसायचे. मौनीबाबा हे नावही ढोल्यानंच पाडलेलं. उत्तर दिलं नाही तरी लोकांनी म्हणावं, स्वभावच आहे त्याचा. आता सहा दिवस समोरच्या मशीनवर भलताच माणूस होता आणि वर बघून बघून मौनीबाबाची मान आखडली होती.

शेवटी "मर, जा आत," असं स्वतःलाच बजावून तो शिरला. बघतो तर खुर्चीत सुपरवायझर! झालं. परत फिरायची सोय राहिली नाही. तो पलंगाच्या कडेला टेकला, उठला, पुन्हा टेकला. हातांचं काय करावं कळेना. वहिनी येऊन शेजारी बसल्या, नेमक्या उजव्या बाजूला, आणि खाली मान घालून बोलायला लागल्या. ओठ हलत होते, एवढंच. मौनीबाबानं सवयीनं मान डोलवली.

वहिनी थांबल्या. त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काहीतरी विचारलं होतं, हे त्याला कळलं. पण काय? हो म्हणावं तर कशाला हो? सवयीनं त्याची नजर ढोल्याला शोधायला गेली आणि सुपरवायझरवर आपटली. नोकरीची चार वर्षं उरली होती. पोरीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. आणि इकडे ढोल्याची बायको उत्तराची वाट बघत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही. गेली दहा वर्षं. डावीकडून या आणि मोठ्यानं बोला."

सुपरवायझरचा पेला ओठांपाशीच थांबला. उद्यापासून मशीन बंद, हे त्याच्या चेहऱ्यावर वाचायला कान लागत नव्हते.

वहिनी उठून डावीकडे आल्या. "अगं बाई! आणि मी तुम्हाला शिष्ट समजत होते!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "ह्यांना म्हणायचे, तुमचा दोस्त 'या, बसा' म्हटलं तरी ढिम्म! हे नुसते हसायचे. मलासुद्धा पत्ता लागू दिला नाही हो!"

"त्यानं कुणालाच लागू दिला नाही. काय विचारत होतात?"

वहिनींनी खोलीभर नजर फिरवली. शेजारीपाजारी, लेक, जावई, तो सुपरवायझर. एकट्या मौनीबाबाला विचारायची गोष्ट होती ती, म्हणून तर हळू बोलल्या होत्या. त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली आणि त्या ओरडल्या, "ते जेवत होते! मी आत होते! हाक मारली त्यांनी, दोनदा! मला ऐकू आलं होतं, भाऊजी! मी म्हटलं, सदा मेली घाई ह्यांची! पातेलं घासलं, हात पुसले आणि मग आले. तोवर... माझ्यावर रागावून गेले असतील का हो ते?"

लेक आईकडे बघतच राहिली. सहा दिवसांत आई हे बोलली नव्हती.

येताना मौनीबाबानं दोनचार वाक्यं घोकली होती, धीर धरा वगैरे. त्यातलं एकही आठवेना.

"वहिनी, दहा वर्षं मी त्याच्या एकाही हाकेला ओ दिली नाही," तोही ओरडूनच बोलत होता, त्याला अंदाज नव्हता. "एकाही! मी वळलो नाही की तो उठून यायचा. दिवसातून वीसदा! एवढा अवजड माणूस, पण कधी कपाळाला आठी नाही. दोन हाकांसाठी तुमच्यावर रागावणारा होता का तो? तुम्हीच सांगा!"

वहिनींचा चेहरा पार विस्कटला.

"नाही हो," त्या ओरडल्या, "नव्हते! कधीच नव्हते!" आणि त्या मोठमोठ्यानं रडायला लागल्या.