विनातिकीट सोंडे

आमच्या मागच्या घरात राहणाऱ्या कंडक्टरकाकांनी आयुष्यात एकाही झाडावर विश्वास ठेवलेला नाही. माणसांवर ते ठेवतात, गल्लीतल्या कुत्र्यांवरही ठेवतात. पण कुंडीत हिरवंगार झाड दिसलं की बुडाशी काहीतरी दडवून ते साळसूदपणे उभं आहे, अशी त्यांची खात्रीच होते. लोणार-मेहकरच्या एसटीत त्यांचा उभा जन्म गेला. सीटखाली वाकून बघायची सवय हाडात मुरलेली. निवृत्त झाल्यावर सीट राहिल्या नाहीत, मग ते झाडांखाली वाकायला लागले. देऊळघाटात आमच्या गल्लीतली अशी एक कुंडी नसेल जी त्यांनी उलटी करून पाहिली नाही. कुणाकडे चहाला गेले की कप बाहेर येईपर्यंत त्या घरची तुळस यांच्या हातात असते, मुळं वर आणि मंजिऱ्या खाली. घरातली बाई दारातच थिजते. हे शांतपणे मुळांची माती झटकतात, "साफ हाय" म्हणतात, तुळस परत लावतात आणि चहा पितात.

दुसरी सवय छत्रीची. उजाडता उजाडता ते काळी छत्री उघडून, उलटी धरून लोकांच्या अंगणात शिरतात. झाडाखाली छत्री धरायची आणि बुंध्याला एक झटका द्यायचा. पानांवरचे राखाडी सोंडे, म्हणजे सोंडवाले किडे, टपाटप छत्रीत पडतात. तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे, पुढे बोथट सोंड, आणि पडले की पाय पोटाशी घेऊन मेल्याचं सोंग करणारे. काका ते साबणाच्या पाण्याच्या डब्यात ओततात. "झोपेचं सोंग घेनारे लय पाह्यले मी," असं म्हणून डब्याचं झाकण लावतात. आमच्याकडे पाहुणी आलेली एक बाई पहाटे अंगणात छत्री घेतलेला अनोळखी पुरुष माझ्या लिंबाला हलवताना बघून अशी हादरली, की पहिल्या गाडीने परत गेली.

मी फार हादरणाऱ्यातली नाही. शिवणकाम करते, दोन मुलींची लग्नं लावली आहेत, घरात साप निघाला तर आधी दूध उतू जातंय का ते बघते. पण मागच्या दसऱ्यानंतर या माणसाने मला हादरवलं.

आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मासात घरात वांगं शिजत नाही, आणि चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो तो घरच्याच वाफ्यातल्या वांग्यांचा. इतकी वर्षं त्यात खंड नाही. मागच्या साली बारा झाडं लावली होती. दसरा झाला आणि ती भर दुपारी माना टाकायला लागली. मी सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. माना आणखी खाली गेल्या, मी आणखी पाणी दिलं. काकांनी कुंपणावरून एक पान ओढून बघितलं. कडेला अर्धगोल कातरे होते, ओळीने.

"सूनबाई, हे पानी मागून नाई राह्यलं. कोनी तरी तिकिटं पंच करून राह्यलं."

मला ब्लाउज पोचवायला बुलढाण्याला जायचं होतं. मी "बरं काका" म्हणून निघाले. ही माझी चूक.

परत आले तर ओट्यावर माझ्या धुतलेल्या चादरीवर आठ वांग्याची झाडं ओळीने झोपवलेली, मुळं रस्त्याकडे. शेजारी माझं देवाचं ताम्हन, आणि त्यात पांढऱ्या, वाकड्या, वळवळणाऱ्या अळ्या. हातातली पिशवी मी खाली ठेवली नाही. ती पडली.

"काका, हे काय?"

"पाय मोजा."

"कोणाचे?"

"याईचे. पाय असले तं हुमणी. नसले तं सोंड्याचं पिल्लू. वरतं मायबाप पानं खातेत, खालतं हे मुळ्या."

"ते ताम्हन देवाचं आहे."

"मंग? लख्ख हाय म्हणून तं पाय नाई ते दिसलं."

मी एक झाड उचललं. चिखलातून काढलेली काडी असावी तसं होतं ते, मुळं जवळजवळ नाहीतच. पंधरा दिवस मी मेलेल्यांना पाणी पाजत होते.

राहिलेली चार झाडं आम्ही वाचवायला घेतली. माती हलकी उकरून अळ्या वेचल्या, निंबोळी पेंड मिसळली, कृषी केंद्रातून अळ्या मारणाऱ्या मेटारायझियम बुरशीची पूड आणून संध्याकाळी ओल्या मातीत दिली. उपटलेली आठ दूर नेऊन जाळली. रोज पहाटे छत्री. तरी रोज नवे सोंडे पडतच होते. हे चढतात कुठल्या थांब्यावर, याचा काकांना उलगडा होईना.

मला झाला, कारण मी कुंपणापलीकडे बघितलं. काकांच्या पायरीवर डालड्याच्या जुन्या डब्यात एक गुलाब आहे. काकूंनी लावलेला. काकू जाऊन तीन वर्षं झाली. त्याच्या एकाही पानाची कड धड नव्हती.

"काका, तो डबा कधी उलटा केला होता?"

"तो तिनं लावेल हाय."

"मी विचारलं, कधी उलटा केला?"

ते छत्री मिटत राहिले. मग म्हणाले, "ती गाडीत बसली तं तिचा पास मी कधी पाह्यला नाई."

आता हादरायची पाळी माझी नव्हती. मी घरात गेले, ताम्हन स्वतः घेऊन आले, आणि डबा उलटा केला. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जेवढ्या माझ्या आठ झाडांत निघाल्या, तेवढ्या अळ्या त्या एका डब्यात होत्या. मुळं धुतली. निम्मी उरली होती. फांद्या छाटल्या, माती बदलली, पेंड घातली आणि काट्या परत रोवल्या.

"जगंन काय?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

चंपाषष्ठीला चार झाडांची वांगी आली. भरीत वाटीभर, रोडगे मात्र नेहमीएवढे. काकांनी नैवेद्याचा घास खाल्ला आणि ताम्हनाकडे बघून विचारलं, "घासलं होतं ना?" मी त्यांच्या पानात आणखी एक रोडगा वाढला.

त्यानंतर बरेच दिवस पहाटे छत्री सगळ्या गल्लीत फिरायची, फक्त त्या पायरीशी आली की वळसा घालायची. डब्यात नुसत्या काट्या होत्या. मग एका सकाळी कुंपणाशी हळू हाक आली. मी गेले. एका काटीला तांबूस पान फुटलं होतं, नखाएवढं. काकांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला, पूर्ण गोल.

"पंच नाई," ते म्हणाले. मग त्यांनी छत्री उघडून उलटी धरली आणि मान फिरवली. "हालवा तुमी."

मी काटी हलवली. छत्रीत दवाचे दोन थेंब पडले. साबणाच्या डब्याचं झाकण काकांनी उघडलं नाही; छत्री तशीच धरून ते ऊन येईपर्यंत उभे राहिले.