हौसाबाई आणि पांढरी माकूल

मी माधवी, डोंबिवलीची फिजिओथेरपिस्ट. कोपरीच्या हौसाबाईंकडे आठवड्यातून तीनदा जायचे. चाळीस वर्षं मासळीबाजारात एकाच जागेवर बसलेल्या या कोळणीला उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. हात चालला तर जागा त्यांची. नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर सुनेला, कल्पिताला, कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी सोडून तिथे बसावं लागणार. त्यांच्यात जागा सासूकडून सुनेकडे जाते, रिकामी ठेवत नाहीत.

व्यायामाला बाई कंटाळल्या म्हणून मी माझ्या घरचा जुना टीव्ही गेम नेला. उजव्या अंगठ्याने बटण दाबत राहिलं की त्यातला माणूस पाण्यात पोहतो. समोरून पांढरी माकूल, म्हणजे स्क्विड, झटके देत वरखाली येते. तिला चुकवायचं, शिवलं की माणूस मेला.

बाई खड्डे चुकवत, भोवरे चुकवत. माकूल दिसली की मात्र थेट तिच्या अंगावर जात. एकदा नाही, रोज. ऐन वेळी अंगठा थिजतो, असं मी धरून चालले. तसाच बाजारात मासळी कापताना कोयत्यावर थिजला तर बोटच जायचं. पण नुसत्या माकुलीला थिजणारी नस कधी ऐकलीय का कुणी? रात्री पुस्तकं चाळली, मला शिकवलेल्या सरांना फोन केला. ते हसले. मला राग आला, सरांचा आणि बाईंचाही.

बाई जागेवर बसू शकतील का, याचं उत्तर कल्पिताला शुक्रवारी हवं होतं; नाहीतर सोमवारी तिला राजीनामा द्यायचा होता. शुक्रवारी बाई सलग सहा वेळा मेल्या. शेवटी मी विचारलंच, मावशी, तुम्ही तिच्याकडे जाता तरी का?

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू डोकं माझंच तपासायला हवं.

"एवढी पांढरी, ताजी माकूल समोर येतेय," त्या म्हणाल्या, "नि मी सोडू?"

मी डोक्याला हात लावला. मग सुचलं ते बोलले. "ताजी कुठली, मावशी? शिळी आहे. लाल पडलेली, धुऊन पांढरी केलीय."

बाईंनी नाक मुरडलं. आणि अंगठा असा चालायला लागला की मी बघतच राहिले. एकेक माकूल त्यांनी तोंड वाकडं करून चुकवली आणि पलीकडे पोचल्या. हे आधी सांगायला काय झालं होतं, म्हणून वर मलाच झापलं.

कल्पिता दारात उभी होती. मी तिला म्हटलं, हात चालतोय, बसतील जागेवर. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायलाच लागली.

बाई गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या. मग उठून गेल्या आणि त्याच उजव्या हाताने तिची पाठ चोळत म्हणाल्या, "रडू नको गं. माझे मागं जागा तुझीच हाय."